सटवाआबाची कॅसेट

रतनबाई चकलांब्याहून परत आली त्या दिवशी टेप बंद पडलेला होता.

चकलांबा तिचं सासर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती उमापूरच्या शिवारात बापाच्या वस्तीवरच राहत होती. पण पुतणीचं लग्न म्हणून आठ-दहा दिवस जावं लागलं. मागं मेंढरं शेजारच्यांनी राखली. आबाला भाकर-पाणी द्यायला भाऊ म्हाळू गावातून येऊन जात होता. ती आली, मेंढरं वाघरीत, जाळ्याच्या कुंपणात, घातली, चुलीला जाळ घातला आणि रोजच्या सवयीनं आबाच्या उशाचा टेप घेऊन बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. आतली चाकं काही हलली नाहीत.

"सेल गेले जणू," ती म्हणाली.

आबा बाजेवर पडून तिच्याकडं बघत होता. तो काही बोलला नाही. तसं त्याला बोलताच येत नव्हतं.

एके काळी हा सटवा धनगर गायला बसला की गोदावरीच्या काठापर्यंतची, पार गंगथडीची माणसं घोंगडी घेऊन यायची. एक हात कानाला लावून त्यानं बिरोबाचं सुंबरान, देवाला बोलावणारं गाणं, मांडलं की बायका चुलीवरची भाकर विसरायच्या. रतनबाईला लहानपणापासून वाटायचं, हा आवाज कुठंतरी साठवून ठेवला पाहिजे. तिनं कळपातले दोन नर विकले आणि बीडहून हातात धरून नेता येईल असा टेप आणला. एका हिवाळ्यात संध्याकाळी बापाला समोर बसवून तिनं कॅसेट भरली, दोन्ही बाजू. मधूनच मेंढराचं बेंबटणं, कुत्र्याचं भुंकणं आणि तिचा स्वतःचा खोकलाही त्यात आला. पुढच्याच उन्हाळ्यात आबाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. 'हं' आणि 'न्हं' एवढे दोनच शब्द उरले.

तेव्हापासून दिवस मावळला की टेप लागायचा. म्हातारा आपलंच गाणं ऐकायचा, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा. एके ठिकाणी त्याचा श्वास कमी पडला होता. ते ठिकाण आलं की नाराज होऊन मान हलवायचा. रतनबाईला हसू यायचं. दिवसभराचा शीण त्या हसण्यात निघून जायचा.

त्या दिवशी तिनं सेल काढून उलटसुलट केले. दुसऱ्या दिवशी ते पत्र्यावर उन्हात तापवले. तरी टेप मुकाच. मग नवे सेल आणले. काडेपेटीच्या खरबरीत बाजूनं स्प्रिंगा घासल्या, आतली धूळ फुंकली, वरून दोन चापट्या मारून पाहिल्या. आबा बाजेवरून हे सगळं बघत होता.

"आबा, मी उलटे तर घातले न्हाईत ना सेल?" ती विचारायची.

म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, गाणं बंद पडलं म्हणून त्याला वाईट वाटतंय. मग ती अजूनच नेटानं खटपट करायची.

म्हाळू एकदा वस्तीवर आला तेव्हा तिनं त्याला टेप दाखवला. त्या दिवसांत म्हाळूचे पाय जमिनीला लागत नव्हते. मेंढपाळांच्या सोसायटीच्या निवडणुकीत तो मोहनरावांच्या पॅनलमधून उभा होता. मोहनराव म्हणजे काळ्या रानाचे मालक, मेंढरू कधी राखलं नाही, पण सोसायटी त्यांना हवी होती. सलग दुसरं साल कोरडं गेलेलं, तळी आटलेली, बोरी-बाभळीचा पालाही संपत आलेला. गुरांच्या छावण्या सोसायट्यांना मिळणार अशी कुणकुण होती.

"मी नेतो की बंकटकडं," म्हाळू म्हणाला. "तू कावून बाजारापर्यंत तंगडतोड करतीस?"

पण नेला नाही. एकदा म्हणाला बंकट गावाला गेलाय, एकदा म्हणाला जीपमधी जागा नव्हती. मतदान झालं. रतनबाईनंही भावासाठी पॅनलच्या छत्री या चिन्हावर शिक्का मारला. पॅनल निवडून आलं, गुलाल उधळला आणि छावणी सुरू झाली. छावणीत मेंढरं मात्र घेत नव्हते. "आज ना उद्या घेतील, वरून हुकूम यायचाय," असं म्हाळू सांगत होता आणि सख्खा भाऊ सांगतोय म्हणून रतनबाई धीर धरून होती.

शेवटी एका बाजारच्या दिवशी तिनं टेप जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि निघाली. निघताना आबानं डाव्या हातानं तिचा पदर धरला.

"न्हं," तो म्हणाला. "न्हं, न्हं."

"लगेच येते आबा. भाकर उशाला हाय, पाणी भरलंय." तिनं पदर हळूच सोडवून घेतला.

बंकटचं दुकान म्हणजे उमापूरच्या स्टँडजवळची पत्र्याची टपरी. उघडलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी आणि कथलाचा जळका वास. बंकट तिला ओळखत होता. कॅसेट भरल्यावर तिनंच त्याला विचारलं होतं की हिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून काय करावं. तेव्हा त्यानं कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारीक तुकडे मोडून दिले होते. हे मोडले की टेपचं लाल बटण खाली दबतच नाही, आवाज पुसायची भीती नाही, असं सांगितलं होतं.

त्यानं टेप पालथा घातला, स्क्रू काढले आणि मागचं झाकण उचललं. बराच वेळ आत बघत राहिला.

"रतनबाई, घरात कुणी उघडला होता का हा?"

"न्हाई बा. का?"

"सेलच्या डब्यातून मोटरीकडं जाणाऱ्या दोन्ही वायरी तुटल्यात."

"उंदरानं कुरतडल्या असतील. लई झालेत यंदा."

"उंदीर कुरतडतो, कापत न्हाई." त्यानं चिमट्यानं वायरीची टोकं वर काढून दाखवली. दोन्ही सरळ कापलेली होती. "झाकणाचा एक कोपराबी फाकवलाय. कुणीतरी खालून पातं घालून कापलंय."

रतनबाईनं कापलेली टोकं बोटानं चाचपली. "असतील शेजारची पोरं," ती म्हणाली. "तू जोड."

बंकटनं वायरी जोडल्या, डाग दिला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं, सैल झालेला रबरी पट्टा बदलला. रिकामाच चालवून पाहिला. चाकं गरगर फिरली. मग तिनं पुढं केलेली कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आबाचा आवाज आला, भरदार, टिपेचा. टपरीबाहेर शेव-चिवडा घेत उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. रतनबाईचे हात आपोआप जोडले गेले. म्हातारा देवाला बोलावत होता, दिशांना बोलावत होता, आणि मागं तिचाच तो जुना खोकला आला.

मग खट् असा आवाज झाला आणि दुसराच माणूस बोलायला लागला.

"मेंढपाळ बंधू-भगिनींनो, सटवाआबांचा आशीर्वाद आपल्या पॅनलला आहे. आपलं पॅनल आलं तर छावणीत गाई-बैलांबरोबर मेंढरांनाही चारा मिळेल, हा माझा शब्द आहे. छत्रीवर शिक्का मारा."

आवाज मोहनरावांचा होता.

"हे काय लागलं?" रतनबाई म्हणाली. "रेडिओ लागला का?"

"ह्याच्यात रेडिओच न्हाई." बंकटनं कॅसेट पुढं पळवली. मोहनराव. अजून पुढं पळवली. पुन्हा तेच बोलणं, तोच शब्द, तीच छत्री. बाजू पालटली तर तिथं आबा सुरुवातीलाही नव्हता. त्यानं आपल्याकडचा दुसरा टेप घेऊन त्यात कॅसेट लावली. टेप बदलल्यानं काही फरक पडला नाही.

"टेप चांगला हाय," बंकट हळू आवाजात म्हणाला. "कॅसेटवरच भरलंय."

"तू तर म्हणला होतास भरताच येत न्हाई."

बंकटनं कॅसेट बाहेर काढून उजेडात धरली. पाठीवरच्या दोन्ही भोकांवर कागदाच्या बारीक घड्या बसवून वरून चिकटपट्टी लावलेली होती. त्यानं ती नखानं उचकटून तिला दाखवली.

"चुकून झालेलं न्हाई हे. भोकं बुजवली की परत भरता येतं. हे ठाव असलेल्या माणसानं केलंय."

एवढ्यात बाहेरून एक बाई पुढं आली. धनगराचीच, उंच, हातात काठी, खांद्यावर घोंगडं. साखराबाई तिचं नाव, शिरूर कासारकडची. दोन कोकरं विकायला बाजारात आली होती.

"परत लावू नको रं ते," ती बंकटवर खेकसली. "त्या आवाजानंच आमचं वाटोळं केलं."

"कोणत्या आवाजानं?" रतनबाईनं विचारलं.

"त्या सटवा धनगराच्या. आमच्या वस्तीवर जीप आली. भोंग्यावर त्याचं सुंबरान. बाया हातातलं टाकून धावल्या, म्हातारे काठ्या टेकत आले. वाटलं, सटवा बरा झाला, देव पावला. तर मागून हा मालक बोलाया लागला. तरी आमी म्हणलं, सटवाचा आशीर्वाद हाय म्हणजे खोटं नसंल. सगळ्या वस्तीनं छत्रीवर शिक्के मारले. आता छावणीच्या दारातून मेंढरं काठीनं हुसकून लावतेत. मोठी जनावरं आणा म्हणे. माझी रोज एक-दोन मेंढरं मरतेत, बाई. त्या म्हाताऱ्यानं बिरोबाचं नाव घेऊन आमचा गळा कापला."

'तो माझा बाप हाय, त्याला बोलताबी येत न्हाई' हे रतनबाईच्या ओठांवर आलं, पण तिनं टेप लुगड्यात गुंडाळायला घेतला. बंकटनं तिच्याकडं पाहिलं आणि कॅसेट तिच्या हातात दिली.

"उद्या-परवा आमी कळप घेऊन गंगेकडं उतरतोय," साखराबाई जाता जाता म्हणाली. "हितं राहून काय करायचं?"

रतनबाई टेप पोटाशी धरून थेट छावणीवर गेली. सावलीच्या जाळीखाली बैल-गाई ओळीनं बांधलेल्या होत्या. ट्रकमधून उसाचं वाढं उतरत होतं. म्हाळू नव्या पांढऱ्या टोपीत खुर्चीवर बसून माणसांना हात करत होता. बहिणीच्या हातात टेप दिसताच तो उठून उभा राहिला.

"नीट झाला का?" त्यानं विचारलं.

"झाला. तुझा मालक लई छान बोलतो त्याच्यात."

म्हाळूनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिला गंजीच्या आडोशाला नेलं. "आक्का, हळू बोल. माणसं हायत."

"कॅसेट कावून पुसलीस?"

"आधी आबाचा आवाज आणि लगेच मालकाचं बोलणं, असं एकसलग पायजे होतं. आवाज ऐकल्याबिगर आपली माणसं वस्तीबाहेर येत न्हाईत. तू चकलांब्याला गेलतीस, तवा नेली."

"बाजारात कोरी कॅसेट मिळत नव्हती?"

"मोहनरावांच्या माणसानं भरली. सगळंच जाईल हे मला काय ठाव?"

"भोकं कुणी बुजवली?"

म्हाळू वाढ्याच्या पेंढीतलं पान तोडत राहिला.

"म्हाळू, भोकं कुणी बुजवली?"

"मीच," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "आवाज आबाचा हाय, आक्का. तू भरलास म्हणून काय मालकीण झालीस? धनगराचं पोर पहिल्यांदा सोसायटीवर बसलं, त्याचं तुला काहीच न्हाई?"

"मेंढरं घेणार हायत का छावणीत?"

"नियम हाय. मोठीच जनावरं."

"हे तुला कधी कळलं?"

त्यानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली, आणि त्यातच तिला उत्तर मिळालं. तिचीही मेंढरं वाळत होती. तिलाही हा रोज 'आज ना उद्या' सांगत होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ती राखण करत बसली होती.

"आणि वायरी? मला कळू नये म्हणून वायरी कापल्यास?"

म्हाळू खरोखरच गोंधळला. "कसल्या वायरी? म्या टेप उघडला न्हाई. जसा नेला तसा आबाच्या उशाला आणून ठेवला. तू म्हणलीस बंद पडला, मला वाटलं सुटलो. आणि एक ऐक. चोरून न्हाई नेला. आबाला इचारून नेला. त्यानं हं म्हणलं."

बहीण-भावाची एवढ्या वर्षांची ओळख होती. म्हाळू खोटं बोलताना डोळे चोरायचा. हे शेवटचं बोलताना त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं होतं.

वस्तीवर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. आबा बाजेवर उशाला टेकून बसला होता, वाटेकडं डोळे लावून. तिनं टेप त्याच्यापुढं ठेवला. बटण दाबलं नाही.

"वायरी कुणी कापल्या, आबा?"

म्हाताऱ्याची नजर भिंतीकडं गेली. तिथं खुंटीला लोकर कातरायची कातर लटकत होती, बाजेवरून डावा हात पोचेल अशी. मग त्यानं तोच हात उचलून आपल्या छातीवर टेकवला.

रतनबाई खाली बसली. "म्हाळूनं इचारलं, तवा तुमी हं म्हणलात?"

"हं."

"पुसणार हे ठाव होतं?"

"न्हं." त्यानं जोरजोरानं मान हलवली. "न्हं, न्हं."

"मी यायच्या आधी तुमी लावून ऐकलात. मग कापल्या."

"हं."

"मला कळू नये म्हणून?"

म्हाताऱ्यानं हात लांब करून गावाच्या बाजूला दाखवला, म्हाळूच्या घराकडं. मग तोच हात तिच्यापुढं उभा धरला. दुसरा हात जोडायला उठत नव्हता. एका हातानं तो हात जोडत होता. अर्थ समजायला शब्द लागले नाहीत: पोराला बोलू नको, पोराचं नाव खराब करू नको.

पुसलेली कॅसेट तिनं कदाचित पोटात घातली असती. बापाचा आवाज, बापानं मुलाला दिला. पण हा म्हातारा इतके दिवस बाजेवरून बघत होता. ती उन्हात सेल तापवत होती, स्प्रिंगा घासत होती, सेल उलटे घातले का म्हणून त्यालाच विचारत होती, आणि तो डोळे मिटून घेत होता. हागणं-मुतणं काढलं तिनं, तोंडात घास घातले तिनं. राखायचं म्हटल्यावर म्हाताऱ्यानं राखलं ते मुलाचं नाव. आणि ज्या माणसांनी त्याच्या शब्दावर शिक्के मारले, त्यांची मेंढरं मरत होती, तिकडं तर बघणारं कुणीच नव्हतं.

"तुमी बघत होतात," ती एवढंच म्हणाली. "रोज बघत होतात."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पुसलं नाही. उठून भाकरी टाकल्या, कुस्करून त्याला भरवल्या, तोंड पुसलं. दोघांच्या घरातलं एवढं मुकेपण लकव्यानंतरही कधी आलं नव्हतं.

सकाळी तिनं निरोप पाठवून म्हाळूला बोलावलं. तो जीप घेऊनच आला. भांडायची तयारी करून आला होता, पण ती भांडली नाही.

"आबाला घेऊन जा," ती म्हणाली. "दोन वेळा भाकर कुस्करून द्यावी लागती. रात्री कूस बदलावी लागती, न्हाईतर पाठीला फोड येतेत."

"आन् तू?"

"मी मेंढरं घेऊन गंगेकडं जाते."

"माझ्या घरी पोरं-बाळं, येणारं-जाणारं लई हाय आक्का. बायकोला एवढं न्हाई व्हायचं."

"मोहनरावाला सांग मदतीला," ती म्हणाली. "त्यानंबी आशीर्वाद घेतलाय."

दोघांनी मिळून आबाला उचलून जीपमध्ये बसवलं. तिनं घोंगडं त्याच्या पायांवर घातलं आणि टेप मांडीवर ठेवला. म्हातारा डाव्या हातानं तिचं मनगट धरून काहीतरी बोलायला बघत होता. घशातून घरघर येत होती. एरवी ती कान त्याच्या तोंडाशी नेऊन, चार-चारदा विचारून त्याचं म्हणणं ओळखून काढायची. या वेळी तिनं मनगट सोडवून घेतलं. जीप गेली. धूळ बसेपर्यंतही ती थांबली नाही.

साखराबाईचा कळप तिला दुसऱ्या दिवशी गाठता आला. चार-पाच कुटुंबं होती, घोड्यांवर बिऱ्हाड, मागं मेंढरं. एकट्या बाईनं कळपासोबत येणं कुणाला नवं नव्हतं. मेंढरं मेंढरांत मिसळली. दिवसभर उजाड रानातून चाल झाली. दुपारी एका आटलेल्या ओढ्यात झिरा उकरून सगळे पाणी प्यायले आणि बाभळीच्या विरळ सावलीला टेकले. तिथं निवडणुकीचा विषय निघाला. विषय निघाला की शिव्या निघत. एका म्हाताऱ्यानं सटवाला गाताना तरुणपणी ऐकल्याचं सांगितलं आणि मग खाली थुंकला.

"तू कुणाची गं?" त्यानं रतनबाईला विचारलं. "कोणत्या घरची?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. साखराबाई तंबाखू मळता मळता थांबली.

आपल्या बापाला बोलता येत नाही, त्याला ठाऊक नव्हतं, भावानं फसवलं, हे सगळं सांगता आलं असतं. त्यातलं बरंच खरंही होतं. पण सांगायला बसलं तर शेवटी म्हातारा सगळं कळल्यावरही गप्प राहिला, हेही सांगावं लागलं असतं.

"चकलांब्याची," ती म्हणाली. "सासरचं घर चकलांब्याला. माहेरचं आता कुणी न्हाई."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. साखराबाईनं मळलेल्या तंबाखूतली चिमूट तिच्या हातावर ठेवली. रतनबाईनं ती दाढेखाली धरली, काठी उचलली आणि एक मेंढरू ओढ्याच्या वरच्या अंगाला भरकटत होतं, त्याला वळवायला गेली. तिथं कुणी नव्हतं. तिथं ती रडली.